ठकूबाईचा टाक

सुनीलचा फोन आला तेव्हा मी गारखेड्यातल्या घरी मेथी निवडत बसले होते. "आत्या, बाबा उठेनात," एवढंच म्हणाला. मी उलट त्यालाच रागावले, "अरे, जेवून पडलाय ना? झोपू दे की जरा." दुपारी आडवा झाला की भाऊला दोन तास जाग येत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक. सुनील पुढं काही बोलेना. मग मलाच कळलं... रिक्षात बसले तेव्हा मेथीची जुडी हातात तशीच होती. सराफ्यातल्या घराच्या पायऱ्या चढताना वहिनीनं ती माझ्या हातातून काढून घेतली आणि मग मात्र मला आवरेना.

त्याला आता पाच आठवडे झाले. भेटायला आलेला प्रत्येक जण एकच सांगतो, मुरलीधरशेठ शांत माणूस, कधी कुणाचं मन दुखावलं नाही. मी मान हलवते, चहा पुढं करते. पण खरं सांगू का, माझा भाऊ शांतबिंत काही नव्हता. बोलत नव्हता, एवढंच. आतून असा हट्टी की देवानं हात टेकावेत! आणि मन दुखावण्याचं म्हणाल, तर त्यानं बाविसाव्या वर्षी एका बाईला असं दुखावलं की त्याचं पुढचं सगळं आयुष्य ते भरून काढण्यात गेलं. ते कुणी सांगत नाही, कारण कुणाला माहीत नाही. मला माहीत आहे, म्हणून मी लिहायला बसले आहे.

आमचं घर सोनाराचं, पण दागिन्यांपेक्षा देवांचं काम जास्त. आमचे वडील, म्हणजे बापू, टाक करायचे. चांदीच्या पातळ पत्र्यावर उठवलेला देव, मागं तांब्याची पाठ, तो टाक. खंडोबा, भवानी, कुणाचा भैरव, कुणाची सटवाई. आपल्याकडच्या देव्हाऱ्यात हेच असतात. पितळेच्या ठशात देव उलटा, खोलगट कोरलेला असतो. त्यावर पत्रा ठेवायचा, पत्र्यावर शिशाचा तुकडा, आणि वरून हातोडी... पत्रा खाली बसतो, देव वर येतो. घरात कुणी अवेळी, झुंजून गेलं असेल तर त्याचाही टाक करतात, त्याला वीर म्हणतात. तो देवांच्या ओळीत बसतो, त्यालाही रोज आंघोळ, रोज गंध. वीराचा ठसा एकच ठरलेला: घोड्यावरचा माणूस, हातात तलवार. कुणाचाही वीर असो, घोडा तोच आणि तलवारही तीच.

पण म्हाळूचा टाक तसा नव्हता. हा म्हाळू दौलताबादकडच्या वाडीतला धनगर. बाजाराला आला की आमच्या दुकानाच्या ओट्यावर घोंगडी टाकून पडायचा, बापूंशी तासन्‌तास गप्पा हाणायचा. पोलीस ॲक्शननंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या साली डोंगरात वाघरू मेंढरांत शिरलं, हा काठी घेऊन आडवा गेला, आणि गेलाच. मागं विशीतली बायको, ठकूबाई, आणि कडेवरचं पोर. ती वीर करून घ्यायला आली तेव्हा बापूंनी नेहमीचा ठसा काढला आणि परत ठेवून दिला. "म्हाळू जन्मात घोड्यावर बसला नाही," म्हणाले. त्यांनी ठशाशिवाय, हातानं, पत्रा ठोकत ठोकत नुसता चेहरा उठवला. खांद्यावर घोंगडी, डोक्याला रुमाल. बापूंनी तो माणूस शंभरदा पाहिलेला, त्यामुळं चेहरा अगदी त्याचा उतरला. म्हाळूचा फोटो कुठंच नव्हता. त्या काळी धनगराचा फोटो कोण काढतंय? ठकूबाईकडं नवऱ्याचं तोंड म्हणून जे काही उरलं, ते तळहातावर मावेल एवढ्या त्या चांदीत होतं.

ठकूबाईच्या पोराचं लग्न निघालं तेव्हा बापूंना जाऊन दोन वर्षं झाली होती. दुकान भाऊच्या हातात. लग्नाआधी घरचे देव सोनाराकडं उजळायला देतात, तसे तिनं फडक्यात बांधून सात टाक आणून दिले. भाऊनं तेव्हा नुकतीच पॉलिशची मोटार घेतलेली. सराफ्यात पहिली! तिचं त्याला कोण कौतुक. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून फिरवून दाखवायचा. शेजारचे कल्हईवाले चाचा त्याला म्हणालेसुद्धा, "मुरली, हौले हौले रे... भांडा नक्को समझ उसको." पण ऐकतो कशाला! सातही टाक त्यानं फिरत्या चाकावर धरले. आता वीराचा तो टाक पंधरा-सोळा वर्षं रोज चिंचेनं घासून आधीच झिजलेला. त्यात तो हातानं उठवलेला, ठशातून निघालेल्यासारखा कडक नव्हे. बाकीचे सहा देव झळकले. सातव्याचं नाक गेलं, डोळे गेले, रुमालाची कड तेवढी राहिली. भाऊनं नीट पाहिलंही नाही. सगळे चमकतायत, यातच तो खूश होता.

मी तेव्हा मॅट्रिकला होते, दुकानात चहा द्यायला गेले होते, म्हणून हे माझ्या डोळ्यांदेखत झालं. ठकूबाईनं फडकं उलगडलं. एकेक टाक उचलून कपाळाला लावला. सातवा उचलला, त्यावरून अंगठा फिरवला, उन्हात धरला, पुन्हा अंगठा फिरवला. मग भाऊकडं बघून विचारलं, "सोनारदादा, ह्यात माझा मालक कुठं हाय?" ओरडली नाही, रडली नाही. खरंच विचारत होती, जसं काही भाऊनं त्याला काढून कुठं बाजूला ठेवलंय आणि आता आणून देईल. भाऊ काहीतरी पुटपुटला, नवीन करून देतो म्हणाला. "कसा करशीला?" ती म्हणाली, "तुमी त्याला बघितलं व्हतं का?" आणि सातही टाक बांधून निघून गेली. तिच्या पोराचं लग्न त्या पुसलेल्या टाकासमोर लागलं.

त्या दिवसापासून भाऊनं ती मोटार देवांना लावली नाही. आणि म्हाळूला परत आणायचं डोक्यात घेतलं.

पहिल्यांदा गेला तो लग्नानंतर महिन्याभरानं, सायकलवर. ठकूबाईसमोर वही घेऊन बसला आणि विचारत गेला. नाक कसं? "जरा डाव्या अंगाला गेलेलं. ल्हान असताना मेंढ्यानं ढुशी दिलती." हनुवटी? "हनुवटीला खळगा." भाऊ परत आला, दोन महिने खपून ठसा कोरला, टाक उठवला, घेऊन गेला. तिनं पाहिलं आणि म्हणाली, "नाय." नाक चुकीच्या बाजूला गेलं होतं. ठशात सगळं उलटं कोरावं लागतं, त्यात भाऊ चुकणाऱ्यातला नव्हे. पण डावं म्हणजे म्हाळूचं डावं की समोर बसलेल्या ठकूबाईचं डावं, हे विचारायचंच राहिलं. मी इतकी हसले होते तेव्हा... आज त्या हसण्याची लाज वाटते. भाऊनं तो ठसा मुशीत टाकून वितळवला. पुढंही तिनं नाय म्हटलेला एकही ठसा त्यानं ठेवला नाही. वितळवायचा आणि त्याच पितळेतून दुसरा सुरू करायचा.

दुसरा नेला. नाय. तिसऱ्यालाही नाय. चंपाषष्ठीच्या आधीच्या रविवारी हा वाडीवर जाणार, हे आमच्या घरात सणासारखं ठरून गेलं. कधी ठसा पुरा व्हायचा नाही, तरी जायचा, आणखी काही विचारून यायचा. दुष्काळाच्या साली ती मेंढरं घेऊन गोदावरीकाठी गेली, तर हा शोधत शोधत पैठणच्या पुढपर्यंत गेला. पायाला फोड घेऊन आला. आई म्हणायची, "अरे, झालं ते झालं, एक वीराचा टाक दे आणि सुट." मी तर त्याला घालूनपाडून बोलायची. माझं लग्न झालं, पोरं झाली, माहेरी यायची तेव्हा हा आपला डोळ्याला भिंग लावून तोच एक चेहरा कोरत बसलेला. "भाऊ, सोड रे आता," मी म्हणायची, "तिचं तिला तरी नीट आठवत असेल का?"

एकदाच तो माझ्यावर चिडला. म्हणाला, "ती नाय म्हणते ना? मग तिला आठवतंय. ज्या दिवशी काहीही दाखवलं तरी व्हय म्हणायला लागेल, त्या दिवशी समजायचं की आता गेलं सगळं. तोवर मला करायला पाहिजे." तेव्हा कुठं मला उमजलं की त्याला घाई आहे, आणि ती कशाची आहे. तो चेहरा जगात एकाच जागी शिल्लक होता, त्या बाईच्या आठवणीत, आणि ती म्हातारी होत चालली होती.

मग तिची नजरच गेली. भाऊ नववा की दहावा टाक घेऊन गेला तेव्हा ती अंगणात बसलेली. "आता कशाला येता सोनारदादा," म्हणाली, "मला दिसंना आता." भाऊ तिच्यासमोर खाली बसला. हे सगळं त्यानं मला त्याच संध्याकाळी येऊन सांगितलं, एका दमात. एरवी आठवड्यातून चार वाक्यं बोलणारा माणूस! तर तो बसलाय, आणि समोर ठकूबाई परातीत देव घेऊन चिंचेच्या पाण्यात घासतीय. न बघता. एकेक हातात आला की पुटपुटतीय, ह्यो खंडोबा, ही आई, ह्यो बिरोबा... बोटं फिरली की ओळखतीय. भाऊ म्हणाला, "आशे, मी तिला इतकी वर्षं दाखवत राहिलो गं. तिनं त्याला बघितला असेल चार वर्षं. पुढं सोळा वर्षं रोज हातानं घासलाय." त्यानं खिशातला टाक काढला आणि गुपचूप परातीत टाकला. तिच्या हाताला लागला तशी ती थांबली. अंगठा वर गेला, खाली आला. "नाक बराबर हाय," म्हणाली. "गाल नाय."

इतक्या वर्षांत 'नाय' सोडून निघालेला तो पहिला शब्द. भाऊला दुसरं काही नको होतं. पुढं तो डोळे मिटून काम करायला लागला. मी स्वतः पाहिलंय, दुकानात गिऱ्हाईक उभं, आणि हा डोळे मिटून शिशावर उमटलेल्या चेहऱ्यावरून अंगठा फिरवतोय. वहिनी मला म्हणाली, "वन्सं, ह्यांना कुणाला तरी दाखवायचं का?" म्हटलं, दाखवून काय होणार आहे.

आणखी तीन वर्षं गेली. गाल जमले, कपाळ जमलं. आणि एका रविवारी भाऊ परत आला तो गुलमंडीवरून शेरभर जिलेबी घेऊनच. "व्हय म्हणाली," एवढंच बोलला. आम्ही सगळ्यांनी पोटभर जिलेबी खाल्ली. त्यानं मात्र एकच वेढा घेतला आणि बराच वेळ हातात धरून बसला. मला वाटलं, आनंद जास्त झाला असेल. पंचवीस वर्षांचं ओझं उतरलं की माणूस असाच होतो, असं मी माझ्या शहाणपणानं ठरवून टाकलं. दोन-तीन वर्षांनी ठकूबाई गेली. विषय संपला.

असं आपलं मला वाटत होतं.

भाऊ गेल्याच्या तिसऱ्या आठवड्यात सविता आली. सविता म्हणजे ठकूबाईच्या नातवाची बायको. ती नवी नवरी होऊन आली तेव्हा म्हातारीची नजर गेलेली, तिचं सगळं शेवटपर्यंत हिनंच केलं. भाऊच्या फोटोला हार घातला, वहिनीजवळ बसली, डोळे पुसले. मग सहज बोलल्यासारखं बोलली, "लई भला माणूस. आजी म्हणायच्या, त्यो सोनारदादा उन्हातान्हाचा येतो, त्याचे बी केस पिकले असतील आता, म्हणून म्या व्हय म्हनलं."

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हंजी... त्यो टाक तसा पुरा जमला नव्हता, मावशी. व्हट नव्हतं जमलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हे आता सांगतेस? तो गेल्यावर?" बिचारी घाबरली. तिची काय चूक? तिला वाटलं, आम्हाला ठाऊक असेल. मी जरा शांत झाले आणि विचारलं, ओठांचं काय होतं? "आजी म्हणायच्या, मालक रागावला की एका अंगानं हसायचा. सारखं तसं करून करून व्हट तसंच राहिलेलं, उजवीकडनं वर. टाकात सरळ झालं."

मी उठले आणि खाली दुकानात गेले. सुनील आता तयार दागिने विकतो, भाऊची बसायची जागा मागच्या अंगाला तशीच आहे. मला तो ठसा बघायचा होता, तिनं दया म्हणून पास केलेला. खालचा खण ओढला तर एक नाही, सात ठसे. मी जमिनीवरच बसले. नाय म्हटलेला ठसा भाऊ वितळवायचा, मग खणात एकच असायला हवा होता, शेवटचा. वरून सुनील आणि सविता आले. मी वहिनीला हाक मारून कणकेचा गोळा मागवला आणि एकेका ठशात दाबला. सगळीकडं तोच माणूस, डावीकडं कललेलं नाक, हनुवटीला खळगा. पहिल्याचे ओठ सरळ. दुसऱ्याचे जाड. तिसऱ्याचे किंचित वाकडे, चौथ्याचे फारच... सातही चेहऱ्यांत फक्त ओठ निराळे होते.

म्हणजे त्याला कळलं होतं. तिनं व्हय म्हटलं त्याच क्षणी कळलं असणार. इतकी वर्षं तिचं नाय ऐकलेला माणूस, त्याला काय खोटं व्हय ओळखू येणार नाही? जिलेबी आणली ती आमच्यासाठी, आणि तिचा शब्द राखण्यासाठी. तिच्याकडून ओठांचं कधी काढून घेतलं, कोण जाणे. पण ती गेली, दाखवायला कुणी उरलं नाही, तरी हा माणूस तीस वर्षं त्या ओठांवर काम करत राहिला आणि घरात एका शब्दानं बोलला नाही. मीच 'सोड आता' म्हणाले असते ना! म्हणून बोलला नाही.

सातव्या ठशातून कणीक काढली आणि मी सविताला म्हटलं, "डोळे मीट. हात इकडं आण." तिचा अंगठा त्या चेहऱ्यावर ठेवला. फिरवत फिरवत खाली आली आणि म्हणाली, "उजवीकडनं वर हाय, मावशी." मग लगेच, "पर मला काय ठावं? म्या त्यांला कुठं बघितलंय? आजी असत्या तर सांगितलं असतं." खरंच होतं तिचं. म्हाळूला पाहिलेलं आता जगात कुणी नाही. भाऊनं अख्खं आयुष्य ज्या एका शब्दासाठी घालवलं, तो देणारं कुणी मागं उरलंच नव्हतं.

मी सुनीलला म्हटलं, "चांदीचा पत्रा काढ." तो मशीनवर करून आणतो म्हणाला. "मशीन नाही. हातोडी घे." त्याचा हात बसलेला नाही, दोन पत्रे फाटले, मी दोन्ही वेळेला त्याला बोलले. तिसरा उठला. वहिनीनं ताटात चिंचेचं पाणी आणलं. सविता घासायला पुढं झाली, तिला म्हटलं थांब, आणि मी स्वतः बसले. डोळे मिटले. नाक लागलं, गाल लागले, हनुवटीचा खळगा लागला, आणि मग ओठ... उजवीकडून वर गेलेले, रागावलेला माणूस हसू दाबतो तसे. भाऊच्या रिकाम्या बैठकीकडं तोंड करून मी मोठ्यानं म्हटलं, "व्हय रे भाऊ. व्हय."

सुनील म्हणाला, "आत्या, तुला कसं कळलं?" मी त्याला सांगितलं, गप बस, आणि टाक सविताच्या हातात दिला.